शुभांगीच्या साइटचा आकडा

५ फेब्रु. २००७
धाकट्या जावेची, शुभांगीची, टोमॅटोच्या भावाची वेबसाइट सुरू झाली. मामंजी अख्ख्या अवसरीला सांगत सुटलेत, "आमची धाकटी लई हुशार." नारायणगावच्या क्लासात सहा वर्षं कॉम्प्युटर मी शिकवते, हिलाही मीच शिकवलं. कोणाच्या ध्यानात आहे? जळले. लिहूनही बरं वाटलं नाही.

८ फेब्रु.
बाजारातल्या शेठजींना त्यांच्या आडतीची साइट करायची आहे. क्लासची जागा त्यांचीच. मी की शु., ते ठरवणार. मला ते काम हवंच. शु.ची साइट मधूनमधून बंद पडते असं ऐकलं. पुरावा पाहिजे.

१० फेब्रु.
नेटवर छोटी लायब्ररी मिळाली, कोणीतरी लिहून ठेवलेला आयता कोड. पत्ता दिला की साइट चालू की बंद ते सांगते. माझ्या चारच ओळी. क्लासातल्या कोपऱ्यातल्या पीसीवर लावली, दर मिनिटाला बघ म्हणून. कधी कधी बंद पडली त्याची यादी शेठजींपुढे ठेवणार.

१४ फेब्रु.
चालू. चालू. चालू. मेली एकदाही बंद पडेना. इथली लाइट रोज जाते, तिचा सर्व्हर पुण्यात.

२० फेब्रु.
भाकरी थापताना शु. सांगत होती, साइटवर किती जण आले तो आकडा खाली दिसतो, लई पळतोय. "मिनिटाला एक जण येतंच, ताई. नारायणगावात लाइट गेली की मात्र कोणीच न्हाई. आपल्याच बाजारातली माणसं असणार."
माझा हात पिठातच राहिला. लायब्ररी दर वेळी पान उघडून बघते. ती माणसं म्हणजे मी.

२१ फेब्रु.
बंद करायलाच गेले, तर शेठजी हजर. "तुमच्या जावेची साइट लई लोक बघत्यात. काम तिला दिलं." खरं सांगायचं तर पाळत का ठेवली तेही सांगावं लागणार. त्यांनी पुढे केलेला पेढा खाल्ला.

२३ फेब्रु.
शु. क्लासवर आली. "ताई, शेठजींचं काम दोघी मिळून करू. एवढी माणसं येत्यात, मला एकटीला भ्या वाटतं." कोपऱ्यातला पीसी तिच्या पाठीशीच चालू होता. बघते म्हणाले. इतका राग आला तिचा, आणि माझाही.
ती गेल्यावर माऊस हातात घेतला. बंद केलं तर उद्या आकडा थांबेल, आणि का थांबला ते विचारायला ती आधी माझ्याकडेच येईल.
पीसी अजून चालू आहे.