वफ्र्यात भरलेली ओटी

महबूला, कुवेत
१८ मे २०२५

ती. सरोजिनीताईस,
चारूचा नमस्कार.

तुझे गुडघे तुझं ऐकत असतील आणि भाऊजी नेहमीप्रमाणे ऐकत नसतील, असं धरून चालते. इकडे आम्ही तिघं ठीक. ‘ठीक’ लिहून एकदा खोडलं होतं, पुन्हा लिहिलं.

आजच्या जमान्यात पत्र कोण लिहितं, म्हणून हसशील. पण फोनवर मला बोलता येत नाही. मी तुला फोन लावला की मुक्ता पाठीमागे येऊन उभी राहते. असमाचा नवरा मुस्तफाभाई उद्या रत्नागिरीला निघालाय, तो हे मुंबईत टपालात टाकेल. असमा म्हणजे ती सलव्यात पार्लर चालवते ती, तुला मेंदी पाठवली होती बघ.

परवा तू मुक्ताशी बोललीस आणि मला म्हणालीस, “चारू, पोरीचं मराठी केवढं सुधारलंय गं! माझं तर ऊर भरून आलं.” तुझं ऊर भरून आलं आणि माझ्या हातातली वाटी पडली.

नीट सांगते. असमा इथल्या एका सिनेमाचा मेकअप करत होती. त्यांना सात-आठ वर्षांची मुलगी हवी होती आणि तिनं मुक्ताचं नाव सुचवलं. सिनेमा भुताचा. इथल्या जुन्या गोष्टींतली एक बाई आहे, हमारत-अल-गायला. कमरेपर्यंत बाई, खाली गाढवाचे पाय. भर दुपारी मोठी माणसं झोपली की बाहेर भटकणाऱ्या पोरांना ती उचलून नेते. आपली आई नाही का दुपारी झोपवायला बागुलबुवाची भीती घालायची, त्यातलीच गत. मुक्तानं फक्त खजुराच्या झाडांमधून पळायचं होतं. विश्वास म्हणाला, “जाऊ दे, सुट्टीत गंमत.” मीही हुरळले. आपली पोर पडद्यावर दिसणार म्हणजे काय!

शूटिंग वफ्र्याला होतं, दक्षिणेकडे शेतं आहेत तिथे. चैत्र चालू होता. चैत्रगौर मांडली होती, पण अख्ख्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकवाला बोलवायला कोणी नाही. मग मी पन्हं, आंब्याची डाळ आणि भिजवलेले हरभरे डब्यात भरून तिथेच घेऊन गेले. असमानं बजावलं होतं, “चारूताई, दुपारच्याला पोरीला बाहेर सोडू नका. इथल्या बायका पण सोडत नाहीत.” मी म्हटलं, “अगं, तूच तिला भुतासमोर पळवतेस आणि तूच घाबरतेस?”

दुपारी सगळे एसीच्या गाड्यांत झोपले. मुक्ताला कुठे चैन पडणार, तिच्यामागे मी बाहेर आले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक बाई एकटीच बसली होती. अंगावर काळा पायघोळ अबाया, चेहरा थकलेला, खाली केसाळ पाय पुढे पसरलेले. मला वाटलं त्यांची नटी, वेष न उतरवता दमून बसलीय. कीव आली गं. तिला पन्हं दिलं, ते तिनं गटागटा प्यायलं. मग मुक्ताकडे टक लावून पाहायला लागली. मी खुणेनं विचारलं, तुम्हाला मुलंबाळं? तिनं दोन्ही तळवे रिकामे दाखवले.

ताई, चैत्रात दारी आलेल्या बाईला आपण रिकामी पाठवतो का?

मी तिची ओटी भरली. तिनं अबायाचा घोळ पसरला आणि मी मुक्ताच्याच हातानं त्यात हरभरे घातले. वर म्हणाले, “तुमच्याही मांडीवर असंच लेकरू खेळू दे.” तिला मराठी कुठे कळतंय, म्हणून अगदी तोंडभरून बोलले.

डबा आवरायला वळले, तेवढ्यात गाडीचं दार उघडून नटी जांभया देत बाहेर आली. अंगात जीन्स. तिचे ते केसाळ पाय आत खुंटीला टांगलेले मला दिसले. मी मागे पाहिलं तर टाकीपाशी एकटी मुक्ता उभी. फ्रॉकच्या ओच्यात हरभरे. म्हणाली, “आई, चल घरी जाऊ.”

आई. ती जन्मल्यापासून मी ‘मम्मा’ आहे. मी मराठीत विचारलं तरी “नो मम्मा, आय डोन्ट वॉन्ट” हेच उत्तर. तिला मराठी यावं म्हणून मी काय काय नाही केलं, तुला माहीत आहे. आता दिवसभर मराठी बोलते आणि मी कान झाकून घेते. रोज भिजवलेले हरभरे मागते. दुपारी झोपत नाही, बाल्कनीचं दार उघडून उन्हात बसते. मोजे काढत नाही, अंघोळीला आतून कडी लावते. विश्वास म्हणतो, “पोर मराठी बोलते, स्वतःची अंघोळ स्वतः करते, तुझी तक्रार काय आहे?” मी आई असून पोरीचे पाय बघायला घाबरते.

असमाला सगळं सांगितलं. ती रडली. म्हणाली, “जबरदस्तीनं नेली असती तर सोडवता आली असती, चारूताई. तुम्ही तर स्वतःच्या हातानं पदरात घातलीत.”

जूनमध्ये आम्ही दोघी नाशिकला येतोय. विश्वासला सुट्टी नाही. तू दारात भाकरतुकडा ओवाळशील, पायांवर पाणी घालशील. तेव्हा तिचे मोजे तू काढ. मला धीर नाही. उजव्या पायाच्या अंगठ्यावर तुझ्या इस्त्रीनं भाजल्याचा तो डाग दिसला, तर मला मुस्कटात मार, वेडी म्हण आणि दोघींना आत घे.

नाही दिसला तर किंचाळू नकोस. ‘ये’ म्हणू नकोस. दार लावून घे आणि मला हाक मारू नकोस. मी तिच्याबरोबर बाहेरच राहीन, ती नेईल तिथे जाईन. माझी मुक्ता कुठे आहे हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, ताई.

आत्ता ती बाल्कनीतून विचारतेय, “आई, मावशीला लिहितेस ना? माझाही नमस्कार सांग.”

सांगितला.

तुझी,
चारू