वंदूच्या कानाचं माप

९ सप्टेंबर, मंगळवार
वंदूला घेऊन समता कॉलनीत, कानाच्या डॉक्टरांकडे. डावा कान उजव्यापेक्षा बराच कमी. कागदावर दोन रेषा दाखवल्या, डाव्या कानाची शेवटी खाली घसरलेली. वीस वर्षं स्टेजवर स्पीकरचे ते मोठे डबे पायाशी ठेवून गाता, दुसरं काय होणार, म्हणाले. गेलेलं परत येत नाही, आहे ते सांभाळा. आवाज कमी करा, नाहीतर स्टेज सोडा.
जिना उतरताना वंदू तिच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाली, "बाबा, आईको पूरा मत बताना." घरी आल्यावर पाच मिनिटांत मीच सगळं सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही.
चव्वेचाळीस वर्षांची आहे. लग्न केलं नाही, ऑर्केस्ट्रात गायली. सोड म्हणणं सोपं आहे. सोडून काय करायचं ते कुणी सांगत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार
सकाळी देवांगन आला. वंदूच्या पार्टीचा साउंडवाला, पंधरा वर्षं बरोबर आहे. त्याचं म्हणणं, स्टेजवरचे डबे बंद करू, दीदीनं कानातले मॉनिटर घालावेत. तबला, कीबोर्ड, तिचा स्वतःचा आवाज, सगळं थेट कानात, हळू. कमरेला छोटी डबी, तिच्यावर आवाजाची चकती. बाहेरचा गोंगाट आतच येत नाही.
विकतचे आणले होते. दोन गाण्यांत गळून पडतात. तिची कानाची भोकं बारीक आणि वाकडी, माझ्यासारखी. मापाचे मागवले तर नवरात्राच्या आधी मिळत नाहीत.
मग माझ्याकडे बघून म्हणतो, "काका, आप तो जिंदगी भर दांत बनाए. नाप लेना आपसे अच्छा कौन जानेगा? खोल आपका, अंदर का काम मेरा."
खोल म्हणजे बाहेरचं कवच.
दातांच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं कवळ्या केल्या. कवळी चुकली तर घासून देता येते. कानात पडदा असतो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
सौ.ला सांगितलं. "पितरात नवं काम काढून राहिले तुमी? आन् तेही पोरीच्या कानात प्लास्टर ओतायचं?"
प्लास्टर नाही, मऊ रबर असतं, बहिऱ्यांच्या यंत्रासाठी वापरतात ते, असं समजावलं. ती म्हणाली, "मले काय समजते. पण तुमचा हात थरथरते, ते मले दिसते."
हात सकाळी थरथरतो. चहानंतर कमी.

१४ सप्टेंबर, रविवार
काल डॉक्टरांनी वंदूचे दोन्ही कान साफ करून दिले. पडदे चांगले आहेत, माप घ्यायला हरकत नाही म्हणाले. तिथेच श्रवणयंत्राचं माप घेणारे एक गृहस्थ बसतात. मी बघू का विचारलं. बघा म्हणाले. एक म्हातारी बाई होती. आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा कानात खोल सरकवला, पडद्यापर्यंत रबर जाऊ नये म्हणून. मग पिचकारीनं रबर भरलं. बाई तोंड मिटून गप्प बसली. पाच मिनिटांत निघालं.
वंदूचं माप तुम्हीच घेऊन द्या, असं त्यांना म्हणता आलं असतं. जिभेवर आलं होतं. बोळे आणि रबर तेवढं मागून आणलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार
आज माप घेतलं.
खिडकीशी खुर्ची. वंदूचे केस सौ.नं वर बांधले. टॉर्च दातात धरून बोळा सरकवला. वंदू एकदा खोकली, माझा जीव गेला. बोळा काढला, पुन्हा घातला. दोरा बाहेर लोंबतो आहे ना, तीनदा बघितलं.
"दात मिटून घे. हालू नको. गिळू पण नको."
दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटं. ती समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसली होती. काढताना हळू पिळून ओढलं. बोळा टोकाला चिकटून सबंध बाहेर आला. टॉर्च मारून आत बघितलं, स्वच्छ.
मग मीच खुर्चीत बसलो. वंदू उभी राहून हसत होती, "पेशंट कौन है, बाबा?"

१८ सप्टेंबर, गुरुवार
मापावर मेणाचा पातळ हात. मग लॅबच्या जेलीत बुडवून साचा. साच्यात पारदर्शक रेझिन ओतायचं, उजेडात कडेकडेनं घट्ट झालं की मधलं पातळ ओतून टाकायचं. उरतं ते खोल, पोकळ कवच. उजेडासाठी तात्यापाऱ्यातल्या पार्लरवालीकडून नखं वाळवायचा दिवा मागून आणला. तिला वाटलं नातीसाठी. नात नाही, दिवा घेऊन निघालो.
पहिल्या दोन्ही जोड्यांत बुडबुडे. तिसरी बरी. वरून चिकट राहत होतं, ग्लिसरीनमध्ये बुडवून पुन्हा दिव्याखाली ठेवलं. रेझिन कच्चं राहिलं तर कानाला खाज सुटते, पुरळ येतं. म्हणून सांगितल्याच्या दुप्पट वेळ ठेवलं. मग परत एकदा ठेवलं.
सौ. बघून म्हणाली, "हे तं कानाची कवळीच झाली." नाव पडलं.

२० सप्टेंबर, शनिवार
देवांगन दिवसभर इथेच. विकतचे मॉनिटर फोडून आतले स्पीकर काढले. तांदळाच्या दाण्याएवढे. "काका, सांस मत छोड़ो, उड़ जाएगा." मी खरंच श्वास धरून बसलो. त्यानं तारांना सोल्डरिंगचे टाके दिले, मी बारीक नळ्या बसवल्या आणि झाकण लावून पॉलिश केलं.
वंदूनं घातले. खुर्चीत बसून हळू गुणगुणली. डोळे मोठे. "बाबा! मेरा सांस सुनाई दे रहा है."
चांगलं झालं. इतकं चांगलं झालं की काळजी वाटते.

२३ सप्टेंबर, मंगळवार
काल बीरगांवला पहिला कार्यक्रम होता, कारखान्याच्या वसाहतीत. वंदू आज दहाला उठली. चहाचा कप घेऊन खिडकीशी बसली. सौ.नं विचारलं तेव्हा म्हणाली, डावा कान भरल्यासारखा वाटून राहिला. आत सूं आवाज. आधीही यायचा, पण थांबायचा. आता थांबत नाही.
झालं ते असं. खालच्या पट्टीत सगळं छान. वर गेली, तोंड उघडलं की तबला गायब. स्वतःचा आवाज पातळ, डब्यातून आल्यासारखा. मग ती कमरेची चकती वाढवत गेली. शेवटची चार गाणी चकती पूर्ण.
कान वाचवायला केलं, आणि त्यातूनच सगळा आवाज कानात ओतला.
देवांगन दुपारी आला. चेहरा उतरलेला. "मेरा टांका कच्चा रह गया होगा, काका. दीदी का कान मेरे कारण..." दोन्ही मॉनिटर घेऊन गेला, उघडून बघतो म्हणाला.
मलाही टाक्याचंच वाटलं. वाटून बरं वाटलं.

२४ सप्टेंबर, बुधवार
दुपारी जेवताना माझा कान खाजला. करंगळी आत, तोंडात घास. चावलं की आतली भिंत करंगळीला ढकलते. तोंड मोठं उघडलं की सैल होते, वाट मोठी होते.
घास तसाच राहिला.
मी वंदूला दात मिटायला लावले होते. कवळीच्या पेशंटला लावतो तसे. चौतीस वर्षं एकच वाक्य, दात मिटा, हलू नका. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असतो, हे मला डॉक्टरांनी सांगायला नको. बोट ठेवून रोज बघायचो. ती म्हातारी बाई तोंड मिटून बसली, तिला गायचं नव्हतं. वंदूला गायचं आहे, हे मला ठाऊक होतं. मिटल्या तोंडाचं माप घेतलं, उघड्या तोंडाच्या बाईला दिलं. आ केला की फट पडते, तबला बाहेर निघून जातो.
सौ. म्हणाली, काहून थांबले? भाजी खारट झाली का? मी म्हटलं नाही.
तिकडे देवांगन दुकानात बसून टाके उकलत असेल, हे जेवतानाच डोक्यात आलं होतं. फोन पाच वाजता केला. चार तास केला नाही. हे लिहून ठेवतो.
तो म्हणाला, "कल से अपने ही हाथ को गाली दे रहा हूं, काका." मी माफी मागायला लागलो तर हसायलाच लागला. "हव बबा, जबड़ा तो आपके ही डिपार्टमेंट का था."
हसला म्हणून जास्त लागलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार
वंदूला सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसलो असतो तर फिरवून सांगितलं असतं. ती ऐकत होती. "अच्छा. तो इसलिए," एवढंच.
मग डॉक्टरांकडे. गोळ्या दिल्या. काही दिवस मोठा आवाज अजिबात नको. सहा तारखेला, सोमवारी, पुन्हा तपासणी. तेव्हाच कळेल, डावा किती उतरला, की तात्पुरतं आहे.
वंदूनं त्यांना येत्या मंगळवारच्या, अष्टमीच्या कार्यक्रमाचं सांगितलं नाही. मी बाजूला बसलो होतो. मी पण नाही.
घरी भांडण. सौ.: "आग लागो त्या अष्टमीले. कान गेल्यावर देवी आणून देनार हाय का?" वंदू: "आई, वो एक दिन मेरे नाम से पब्लिक आती है. नहीं गई तो दूसरी को बिठा देंगे, और वो बैठी ही रहेगी." सौ. माझ्याकडे बघून म्हणाली, बोला ना तुमी काही. माझ्याकडे बोलायला तोंड होतं कुठे.
नंतर वंदू माझ्या टेबलाशी आली. "बाबा, दुबारा नाप लोगे?"
मी म्हटलं, डॉक्टरांकडच्या माणसाकडून घे. मी तोंड उघडं ठेवायला सांगतो त्यांना.
"उनको क्या पता मैं कितना मुंह खोलती हूं. तुमाले माहीत हाय."
इतक्या वर्षांत ती माझ्याशी एवढी मराठी बोलल्याचं आठवत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार
मेणाचा ठोकळा केला, दोन बोटं उंच, दातांत धरायला. तोंड तेवढंच उघडं राहावं म्हणून. आधी तिला वरचा सूर लावायला सांगितला, हळू आवाजात. पट्टीनं तोंड मोजलं. मग ठोकळा तेवढा कापला.
चहा घेतला. हात बरा होता.
उजवा झाला. डाव्याकडे आलो. टॉर्चमध्ये आत थोडं लाल वाटलं. कदाचित टॉर्चचंच असेल. बोळा हातात धरून उभा राहिलो. म्हटलं, डावा राहू दे. आज राहू दे.
तोंडात ठोकळा, तिला बोलता येईना. तिनं माझं मनगट धरलं आणि आपल्या डाव्या कानाशी नेलं.
भरलं. पाच मिनिटं. लाळ हनुवटीवर आली, सौ. पुसत होती आणि मला शिव्या देत होती. निघालं. बोळा सबंध.
जुनं माप आणि नवं माप खिडकीत शेजारी ठेवली. फरक नखाच्या जाडीइतका पण नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार
खोलं झाली. या वेळी पहिल्याच ओतण्यात. देवांगननं दुकान बंद ठेवून टाके दिले. वंदू उभी राहून पूर्ण तोंड उघडून गायली. तबला राहिला, म्हणाली. मान वळवून, हसून, जबडा हलवून बघितला, राहिला.
देवांगननं कमरेच्या डबीवरच्या चकतीपाशी लाल रेघ ओढली. "दीदी, इसके ऊपर नहीं. चाहे छत गिर जाए."
वंदू म्हणाली, "और तबलावाला गिर जाए तो?"
"तो भी नहीं."
सौ. हसली नाही. रेघेवर बोट फिरवून बघितलं, पुसली जाते का.

३० सप्टेंबर, मंगळवार. अष्टमी
चार वाजता वंदू तयार. हिरवी साडी. निघण्याआधी माझ्यासमोर बसली, मी दोन्ही बसवले. देवांगननं आपल्या मोबाइलवरून तबला लावून दिला, रेघेच्या खालीच.
उजव्यात येतो?
ऐकत राहिली. मान जरा तिरपी केली. "हां."
आ करून बघ.
आ केला. थांबली. "हां, आ रहा है."
डाव्यात?
"हां, बाबा."
कवळी बसवल्यावर मी पेशंटला विचारायचो, टोचते का. खरंच बघणारा माणूस आधी जीभ फिरवतो, चावून बघतो, मग सांगतो. ज्याला उठून घरी जायचं असतं, त्याचं उत्तर तयार असतं.
उजव्याला तिनं वेळ घेतला होता. डाव्याचं उत्तर तयार होतं.
बाहेर गाडीचा हॉर्न. सौ.नं कुंकू लावलं. वंदू माझ्या पाया पडली, पदर सावरला, देवांगननं पेटी उचलली. मी दारापर्यंत गेलो. पुन्हा विचारायचं म्हणून तोंड उघडलं होतं, गाडी वळेपर्यंत उघडंच होतं.
तपासणीला सहा दिवस आहेत.