एकाच नावाची मंडळी

१४ नोव्हेंबर

ती. ताईंना सप्रेम नमस्कार,

पत्र पोचेल तोवर डोळ्यावरची पट्टी निघालेली असेल आणि तुम्ही ते स्वतः वाचाल, या हिशेबाने लिहिते आहे. पट्टी अजून असेल तर लेकीकडून वाचून घेऊ नका, उशीखाली ठेवा. तिला म्हणावं, दुकानाची खबरबात आहे, त्यात वाचण्यासारखं काय असणार!

तर दुकानाची खबरबात. शाळेतली शिलाई मशिनं दुरुस्तीला आली आहेत. पोरींनी मशिनच्या तेलाऐवजी केसांचं तेल घातलंय, त्यामुळे दुकानाला सध्या न्हाव्याच्या दुकानाचा वास येतो. घरी सगळं ठीक. तुमच्या खिडकीतल्या कुंड्यांना रोज पाणी घालते. त्यातली एक माझ्या हातून फुटली, ते आधीच सांगून मोकळी होते.

तुम्ही लेकीकडे जायच्या आधी वाचनालयाच्या फलकावर चिठ्ठी लागली होती, की माझ्या नावाच्या गावभरच्या सगळ्यांनी रविवारी भेटावं. मी नको म्हणत होते. तुम्हीच मागे लागलात, की जा, तुझ्या नावाचे आणखी किती वेडे आहेत ते तरी बघून ये. म्हणजे पुढे जे काही झालं त्याचं खापर मी तुमच्या डोक्यावर फोडू शकते.

हे नाव मुलालाही चालतं आणि मुलीलाही, हे ठाऊक होतं, पण बाप्ये इतके निघतील असं वाटलं नव्हतं. पहिल्याच भेटीत कळलं की नावाने हाक मारण्यात अर्थ नाही. एकाला हाक मारली की अख्खी खोली मान वळवते. मग ज्याच्या त्याच्या कामावरून नावं पडली. दातवाले, बसवाले, मधमाशीवाले, बाहुल्यावाल्या. तुमच्यासाठी मशिनवर सुईत दोरा ओवायचा चाप केला होता ना, तो मी दाखवला आणि सुईवाली झाले.

गंमत अशी की जवळपास प्रत्येकाने काही ना काही शोधून काढलेलं. बसवाल्यांनी चालकाच्या सीटला पाठ खाजवणारी पट्टी बसवली आहे, गाडी थांबवावी लागत नाही. दातवाल्यांच्या खुर्चीसमोर एक वाकडा आरसा आहे, त्यात डॉक्टर उलटे दिसतात. पोरं हसायला तोंड उघडतात आणि यांचं काम होतं. मधमाशीवाल्यांनी धूर सोडणारी टोपी केली. माश्यांना काही झालं नाही, यांच्या भुवया गेल्या. आणि लिफ्टवाले. लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांची बायको पायाने अधू होती, तिला उभं राहवायचं नाही, म्हणून त्यांनी लिफ्टच्या भिंतीत दुमडणारी बैठक केली. टेकलं की उघडते, उठलं की मिटते. ती जाऊन बरीच वर्षं झाली, पण जिथे म्हातारं माणूस राहतं तिथे ते अजूनही अशी बैठक फुकट बसवून देतात. बोलतात कमी. हात मात्र फार नीटस आहेत.

मग आम्ही प्रदर्शन भरवलं. प्रत्येक टेबलावर करणाऱ्याच्या नावाची पाटी हवी, म्हणून छापखान्यात एकच पाटी लावून हव्या तितक्या प्रती काढल्या. स्वस्तात पडलं म्हणून खूशही झालो. एक आजीबाई सगळं बघून दातवाल्यांना म्हणाल्या, की एवढं सगळं एकट्याने करता, मग झोपता कधी?

परीक्षक बाहेरगावचे. त्यांना गाडी गाठायची होती. निकालाची चिठ्ठी पाटीवरून लिहून ते निघून गेले. वाचनालयाच्या बाईंनी चिठ्ठी उघडून पहिल्या क्रमांकाचं नाव वाचलं आणि आम्ही झाडून सगळे उठून मंचाकडे चालू लागलो. ताई, तुम्ही तिथे असायला हव्या होतात. हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. परीक्षकांना फोन करता आला असता, पण खरं सांगायचं तर तो कुणाला करायचाच नव्हता. चषक प्रत्येकाच्या घरी पाळीपाळीने ठेवायचा ठरला.

लिफ्टवाल्यांची पाळी संपली तेव्हा त्यांनी तो बसवाल्यांकडे पोचवायचा होता. ते आले आपल्या दारात. म्हणाले, चुकून आलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा चुकून आले, या वेळी चषकाशिवाय. गप्पांत मी तुमच्या गुडघ्यांचं बोलून गेले असेन. एक दिवस दुकानातून परत येते तर आपल्या लिफ्टमध्ये बैठक! तुम्ही आलात की टेकून बघा.

आता आढेवेढे पुरे. त्यांनी मला लग्नाचं विचारलं आहे, आणि मला हो म्हणायचं आहे. मी त्यांना म्हटलं, "घरात ताई आहेत. त्यांचं पत्र आल्याशिवाय मी काही बोलणार नाही." ते म्हणाले, "बोलूच नका. मी थांबतो."

आमचे हे वारले तेव्हा तुम्ही बॅग घेऊन आलात आणि चार दिवस राहते म्हणालात. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत, आणि मला ते संपायला नको आहेत. ह्यांची आठवण पुसली गेली म्हणून हे मनात आलं असं समजू नका. पण ह्यांच्यामुळे तुम्ही माझ्या नणंद. उद्या मी दुसऱ्याची बायको झाले तर तुम्ही माझ्या कोण? या एका गोष्टीची मला भीती वाटते. रागावून लिहिलंत तरी चालेल, पण गप्प राहू नका.

तुमची, अजून तरी,
भावजय


२३ नोव्हेंबर

चि. सुईवालीस अनेक आशीर्वाद.

आत नाव मुद्दाम घातलेलं नाही. पाकिटावर घालावंच लागलं, पण ते नाव त्यांचंही, आणि तुझे लिफ्टवाले चुकून बरंच काही करतात असं दिसतं.

पट्टी निघाली. पत्र मी स्वतः वाचलं, लेकीने खांद्यावरून वाचलं. आधी ती हसली आणि मी रडले, मग उलट झालं. अगं, बसवाल्यांना एक ओळ, मधमाशीवाल्यांना दोन, आणि लिफ्टवाल्यांचे हातसुद्धा नीटस! माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, अक्कल काढून घेतलेली नाही. तिथेच कळलं होतं.

माझा भाऊ गेला आणि त्याच्या मागोमाग तुझं हसणं गेलं. या पत्रात ते परत ऐकू आलं. त्यासाठी मी त्या माणसाला वाट्टेल ते माफ करीन, बसवाल्यांचा चषक अडवून ठेवला तेसुद्धा.

पहिलं वर्ष तू भावाची बायको म्हणून मी तुझ्याजवळ राहिले असेन. पुढची सगळी वर्षं तुझ्यासाठी राहिले. माझी खोली मी सोडणार नाही, फुटलेल्या कुंडीच्या जागी नवी आणून ठेव. आणि त्यांना हो म्हणून टाक. रविवारी मला घ्यायला स्टेशनवर या म्हणावं. चुकून नाही, ठरवून.

मी तुझी कोण, ते खाली लिहिलं आहे. परत विचारायचं नाही.

तुझी थोरली बहीण