काळ्या रंगाखालचं चाक

सुनीता,

तू नको म्हणाली होतीस, तरी खुळ्या हौल्यासारखा मी रंग काढायला मोटारसायकलच्या मागच्या चाकाला कॉस्टिक सोडा लावला. ॲल्युमिनियम फसफसून काळं पडलं. लगेच धुतलं, हात शाबूत आहेत.

मग तू केलेलं पुढचं चाक पाहिलं. रिमूव्हर लावून लाकडी पट्टीने हलक्या हाताने रंग काढलेलास. एक ओरखडा नाही. बारा वर्षं मी ही गाडी पुसली, पण त्या काळ्या रंगाखाली एवढं लख्ख काही असेल असं मनातही आलं नाही. चहा गार होईपर्यंत नुसता बघत बसलो.

राज्याची वाटणी झाल्यावर माझा मुलगा गोविंद तुला इथे ठेवून ऑफिसबरोबर विजयवाड्याला गेला, आता गाडी पाठवा म्हणतो. गाडी माझी आहे. तुझ्या नावावर करायला आरटीओत चाललोय. त्याला फिरू दे बसने.

— मामंजी