डॉक्टरीणबाईंचा सत्कार न केल्याची हकीकत

मु. पो. पिंपळमाळ, ता. बिलोली
कार्तिक वद्य पंचमी, सन २००५

तीर्थस्वरूप अक्काच्या चरणी धाकट्या शेषेरावाचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सारे बरे आहोत, तुझ्या गुडघ्यांची खुशाली कळवावी. लातूरच्या मेसमध्ये यंदा किती पोरंपोरी जेवायला आहेत? मागच्या खेपेला मी आलो होतो तेव्हा एक पोरगा वरणात बोट बुडवून ताटाच्या काठावर सूत्रं लिहीत होता आणि तू ते ताट चार दिवस घासू देत नव्हतीस. त्याचा मेडिकलला नंबर लागला का? लागला असेल तर तो कुठल्या जिल्ह्यातला, हेही कळव. (सहज विचारलं. या पत्रात मी तुझ्याकडे काहीही मागणार नाही, तेव्हा चष्मा लावून निवांत वाच.) फोन केला असता, पण फोनवर तू "मुद्द्याचं बोल" म्हणतेस आणि माझा मुद्दा येईस्तोवर फोन ठेवतेस. पत्र तुला मध्येच ठेवता येत नाही, कारण शेवटी काय झालं हे कळल्याशिवाय तुला भाकरी गोड लागायची नाही.

तर गोष्ट आमच्या सरकारी दवाखान्याची आहे. इमारत पक्की आहे, पाटी आहे, खाट आहे, वजनाचा काटा आहे (त्यावर गेल्या साली श्रीमंत सरपंचांनी हरभरा मोजला). नव्हता तो फक्त डॉक्टर. म्हणजे येत होते, टिकत नव्हते. सहा वर्षांत अकरा आले आणि अकरा गेले. कुणी म्हणे पाण्याची चव बरोबर नाही, कुणी म्हणे लेकराच्या शाळेचं काय, एकानं तर कारणच सांगितलं नाही, नुसता चप्पल विसरून गेला. आम्ही आपले जिल्ह्याला अर्ज करीत राहिलो, आणि नवा डॉक्टर आला की आम्ही आमच्याकडून कसलीही कसर ठेवत नव्हतो. खरा घोटाळा तिथंच होता, पण तो कळायला अकरा डॉक्टर खर्ची पडले.

तुला माहीतच आहे, गावात मंडप आणि माईक माझा. बारशापासून तेराव्यापर्यंत माझ्या कर्ण्याशिवाय पान हलत नाही. त्यामुळं नवा डॉक्टर एस.टी.तून उतरला की पायरीवरूनच त्याला हलगी लावून पारावर आणायचा आणि सत्कार करायचा, ही रीत मीच पाडली. शाल, श्रीफळ, फेटा. आता फेटा एकच बांधून भागलं असतं, पण गावात भावक्या नऊ, आणि एका भावकीनं बांधलेल्या फेट्यावर दुसरी भावकी समाधान मानील तर ते पिंपळमाळ कसलं. सातव्या डॉक्टरांना आम्ही एका बैठकीत नऊ फेटे बांधले. त्यांची मान त्यानंतर महिनाभर डावीकडं वळत नव्हती, असं ऐकलं. मग भाषणं. प्रत्येक भाषणात आधी डॉक्टरची स्तुती, मग आपलं दुखणं, मग आपल्या म्हशीचं दुखणं. ते आटोपलं की घरोघर जेवायचं आवतण, आणि ज्याच्याकडं डॉक्टर जेवला नाही तो पाच वर्षं बोलायचा नाही. दहावे डॉक्टर बिचारे नाही म्हणायला शिकलेले नव्हते. बाराव्या घरच्या कोंबडीच्या रश्श्यानंतर त्यांचं पोट असं बिघडलं की त्यांनाच जीपमध्ये घालून नांदेडला न्यावं लागलं. ते बरे झाले, पण परत आले नाहीत.

हे सगळं आमच्या ध्यानात आणून दिलं ते गंगम्मानं. गंगम्मा म्हणजे दवाखान्यात झाडलोट करणारी, वीस वर्षांची जुनी, अकराही डॉक्टर जाताना त्यांची बॅग हिनंच एस.टी.त चढवली. भर ग्रामसभेत ती उठली आणि म्हणाली, "तुमी सत्कार करून करून मानसं पळवून लावून राहिले. त्या डाक्टराला जरा दम तर खाऊ द्या की!" मला राग आला, खोटं सांगत नाही. पण त्याच वेळी मागं बायकांत बसलेल्या पुनमकडं नजर गेली.

अक्का, आपल्या सुनेचं तुला सगळं ठाऊक आहे. गेल्या सालच्या चैत्रात तिच्या कळा अवेळी सुरू झाल्या, तेव्हा दवाखान्याला कुलूप होतं. शेजारच्या मकसूदनं जीप हाकली तशी कुणी हाकली नसेल, पण बिलोलीच्या अलीकडंच लेकरू गेलं. मी पुढच्या सीटवर होतो. मागं वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. आता तिला पुन्हा सातवा महिना आहे, आणि गेले कित्येक दिवस मी जेवताना घास मोजत नाही, दिवस मोजतो. म्हणून मी उठलो आणि नव्या डॉक्टरचा सत्कार होणार नाही या ठरावाला अनुमोदन दिलं. माझ्याच तोंडानं, माझ्याच माईकवरून.

पण आपलं गाव कुठलीही गोष्ट बेतानं करत नाही. सत्कार करायचा नाही एवढ्यावर थांबायला हवं होतं. श्रीमंत सरपंचांनी नियमच काढले. नव्या डॉक्टरांना कुणी भेटायला जायचं नाही. नाव, गाव, पगार, लग्न, काही विचारायचं नाही. जेवायला बोलवायचं नाही. पडसं-खोकला घेऊन दवाखान्याची पायरी चढायची नाही. आणि मुख्य म्हणजे टक लावून बघायचं नाही, समोर आले तर तोंड दुसरीकडं करायचं. डॉक्टरांना मोकळं मोकळं वाटलं पाहिजे, असं सरपंच म्हणाले. सगळ्यांनी हात वर केले.

दुसऱ्याच सोमवारी डॉक्टर आल्या. होय, आल्या. डॉक्टर सबिहा, अर्धापूरच्या, वडील केळीचे व्यापारी. पोर अशी चटपटीत की बॅग स्वतःच उचलून उतरली. आणि अक्का, काय सांगू तुला, पारावरची बारा माणसं एका दमात उठून पाठमोरी बसली. हॉटेलवाल्यानं उकळता चहा तसाच टाकून शटर ओढलं. बायांनी लेकरं आत घेतली. तिनं तीन दारांत दवाखान्याचा रस्ता विचारला. तिन्ही दारांनी बोट दाखवलं आणि कडी लावून घेतली. मी माझ्या मंडपाच्या कापडाआडून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, वा, काय शिस्त आहे गावाची!

चार दिवस ती खुर्चीवर बसून राहिली. एक पेशंट नाही. तापानं फणफणलेला माणूससुद्धा दवाखाना टाळून मागच्या ओढ्यानं जायचा. गंगम्माला तर सक्त ताकीद होती, म्हणून ती विचारलेल्याला हाव किंवा न्हाई एवढंच म्हणायची. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इथं जेवायची कुठं सोय आहे का? गंगम्मा म्हणाली, न्हाई. मग काय, पोर चार दिवस बिस्किटं खाऊन राहिली. आणि एक गोष्ट तर आमच्या टाळक्यात शिरलीच नाही. ती परगावची, एकटी बाई, त्यात मुसलमान. गावानं असं तोंड फिरवल्यावर तिनं काय समजायचं? मकसूदचं घर आपल्या घराला लागून, सणाला ताटं इकडून तिकडं जातात, त्यामुळं असा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही. पण तिला हे कुणी सांगितलं होतं? मला आजही आठवलं की लाज वाटते.

शुक्रवारी सकाळी मी वायरी गुंडाळत होतो, तोच गंगम्मा धापा टाकत आली. "आवो शेषेराव, डाक्टरीनबाई बॅग भरून राहिल्या! दहाची यस्टी धरनार म्हनतात!" डोळ्यांपुढं पुनम उभी राहिली. मी काहीही विचार केला नाही, कर्णा चालू केला आणि ओरडलो की गावातल्या समस्त आजारी माणसांनी असतील तसे दवाखान्यासमोर जमावं, नियम रद्द, नियम रद्द!

पंधरा मिनिटांत दीडशे माणसं. ज्यांना काही झालेलं नव्हतं त्यांनीही काहीतरी धरलं. कुणी पोट धरलं, कुणी कंबर. श्रीमंत सरपंच डोकं धरून आले आणि मला गरगरतंय म्हणून थेट पायरीवर आडवे झाले. एवढ्यात डॉक्टरीणबाई बॅग घेऊन दारात आल्या. बघतात तर काय, चार दिवस ज्या गावात चिटपाखरू दिसलं नाही ते सगळं अंगणात कण्हतंय. मी माईक घेतला आणि घडलेलं सगळं सांगायला सुरुवात केली, अकराही डॉक्टरांसकट. चौथ्या डॉक्टरपाशी आलो तोच गंगम्मानं वायर उपटली. (आयुष्यातलं माझं सगळ्यात छोटं भाषण.) मग तीच पुढं झाली आणि म्हणाली, "बाई, ह्ये सगळे लई येडे हायत, पन वंगाळ न्हाईत. तुमी जाऊ नका."

डॉक्टरीणबाईंनी आधी पायरीवर आडव्या सरपंचांकडं पाहिलं. मग हसायला लागल्या, ते थांबेचनात. बॅग खाली ठेवली आणि गर्दीतून बरोबर पुनमला हेरलं, म्हणाल्या, आधी या ताई आत येतील. अर्ध्या तासानं पुनम बाहेर आली. रक्त कमी आहे, गोळ्या दिल्या, दर मंगळवारी यायचं. आणि बाळाचे ठोके तिलाही ऐकवले म्हणे. पुनम हे सांगताना हसत होती. मी कर्ण्याच्या बांबूला धरून लहान लेकरासारखा रडलो, आणि ते सगळ्या गावानं पाहिलं.

मग बाकीच्यांची रांग. सोंगं आणलेल्यांनाही बाईंनी सोडलं नाही, पट्टा बांधून एकेकाला तपासलं. चौदा जणांना खरोखरीचं बीपी निघालं. श्रीमंत सरपंचांचं गरगरणं खोटं होतं, ते त्यांनी नंतर कबूल केलं, पण शुगर मात्र खरी निघाली. तेव्हापासून ते बिनसाखरेचा चहा पितात आणि माझ्याकडं रागानं बघतात.

असो. बाकी क्षेम. तुरी फुलावर आहेत, म्हैस व्यायली. तुझ्या मेसमधल्या समस्त भावी डॉक्टरांना माझे आशीर्वाद.

तुझा धाकटा,
शेषेराव

ता. क. एक सांगायचं राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत बघते. मी विचारलं, तुम्हाला काय कमी आहे? त्या म्हणाल्या, दोन वर्षं लातूरला कोचिंगला होते, तेव्हा केवळामावशींच्या मेसमध्ये जेवायचे, तसं जेवण परत मिळालं नाही. मी ताडकन उठलो. म्हटलं, अहो, ती माझी सख्खी अक्का! तर तू मेस महिनाभर कुणावर तरी टाक आणि इकडं ये. महिनाभर म्हणजे निदान संक्रांतीपर्यंत. म्हणजे राहिलीसच तर बरंच.

ता. क. दुसरा. भूकंपात तुझं घर आणि दाजी गेले, तेव्हापासून खेड्यातल्या दगडमातीच्या भिंतीआड तू पाठ टेकत नाहीस, हे मी विसरलेलो नाही. दवाखान्याची खोली सिमेंटची आहे. खात्रीसाठी मी दुपारी तिच्या छतावर गावातली बारा जड माणसं चढवून एकदम उड्या मारायला लावल्या. माती पडली नाही. श्रीमंत सरपंचांचा पाय मुरगळला, तो बाईंनी बांधून दिला.

ता. क. तिसरा. तू रविवारी येतेस, असं मी बाईंना सांगून टाकलं आहे.

*

मावशी, सलाम. मी सबिहा. शेषेरावमामांनी पाकिटावर तुमचा पत्ता लिहायला दिलं, पाकीट उघडंच होतं, म्हणून वाचलं. माफ करा.

त्या दिवशी मी पळून चालले नव्हते. तुमच्या जिन्याखाली माझी पुस्तकांची पेटी सात वर्षं पडून आहे, ती आणायला निघाले होते, सोमवारी परत येणार होते. पहिले दोन दिवस मलाही वाटलं की मी इथं नकोशी आहे, आणि मी रडले, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी खिडकीतून पाहिलं तर समोर पाच माणसं माझ्याकडं न बघण्याचा सराव करत उभी होती. नको असलेल्या माणसासाठी कुणी एवढे कष्ट घेत नाही. महिनाअखेरचं मी मुद्दाम म्हटलं. तेवढ्यानं नळाला पाणी आलं आणि प्रसूतीच्या खोलीला दिवा लागला. छताला गिलावा होईपर्यंत मामांना यातलं काही सांगू नका.

हे गाव मी स्वतः मागून घेतलं आहे. एकदा वाढता वाढता तुम्ही सांगितलं होतंत, भूकंपानंतरच्या तंबूत पहिली बाई बाळंत झाली तेव्हा डॉक्टरांच्या हाताखाली दुसरं कुणीच नव्हतं, तुम्हीच होता. माझी आमटी गार झाली होती आणि जिथं डॉक्टर नाही तिथंच मी जायचं, हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

गंगम्माला हल्ली डोळ्यांनी कमी दिसतं. पुनमची तारीख संक्रांतीच्या मागंपुढं आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत. जेवणाचं आपण नंतर बघू, मला त्या दिवशी तुमचे हात हवे आहेत. आलात तर आपण दोघी असू. नाही आलात तरी मी असेनच.