डाव्या पायाचा गेटर

धंतोली, नागपूर
७ डिसेंबर १९६६

चि. चंपत यास, शामलाताईचे अ. उ. आ.

दिवाळीपासून तुझं पत्र नाही. भाऊबीजेला आला नाहीस. धानाची कापणी आहे, असा तुझा निरोप गोपाळने आणून दिला. मी पाट मांडून वाट पाहिली आणि शेवटी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. चंद्राने ओवाळणी घातली नाही, पण निदान कापणीचं कारणही सांगितलं नाही.

धाकट्या भावाच्या, गोपाळच्या घरी मानाने राहा, असं निवृत्तीच्या वेळी सगळे म्हणाले. तो मान असा. श्रावणात मी मोरीत घसरले, डावा गुडघा दुखावला, तेव्हापासून त्याची बायको शोभा फाटकाला कुलूप लावते आणि किल्ली कमरेला खोचते. सकाळ-संध्याकाळ मला अंगणात सोडतात, शेळीला सोडावी तशी. मुलींची अख्खी शाळा हाकलेली बाई मी, आता तांदळातले खडे हाकते. गोपाळने तर दिवाळीच्या सुमारास कमालच केली. रोज संध्याकाळी मऊ खिचडीचा डबा घेऊन सायकलवर निघायचा. कचेरीतलं कोणी आजारी आहे म्हणे. ज्याने सख्ख्या बहिणीला कधी पेलाभर पाणी दिलं नाही, त्याला कचेरीचा एवढा कळवळा!

आता मुद्द्याचं. संक्रांतीला मी तुझ्याकडे शिकारीला येणार आहे, आणि आले की राहणार आहे. ट्रंकेत आबांचे गेटर सापडले, ते घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बांधायचे जाड चामड्याचे. एरंडेल लावून मऊ केले. तू रानात उघड्या पोटऱ्यांनी हिंडतोस हे मला ठाऊक आहे. हल्ली असले गेटर कोणी घालतं का, आणि तुझं त्यावर मत काय, ते कळव.

चि. सौ. रुखमास आशीर्वाद. बहिणीवरची माया पत्र लिहिण्याइतकी तरी असू दे.
शामला

धामणटोला, पो. देवलापार
१५ डिसेंबर १९६६

ती. ताईस, चंपतचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र भेटलं. रुखमाले वाचून दाखवलं. शेळीच्या गोष्टीवर ती लय हसली, मग काहून कोण जाणे, डोळे पुसत चुलीकडे गेली. मले-तुले लिहितो म्हणून रागावू नको, मी काही तुह्या कॉन्व्हेंटात शिकलो नाही.

गेटरचं म्हणशील तर बेकार गोष्ट. आबा गेटर घालून निघाले का अर्ध्या रानाले आधीच तार पोचे, एवढं ते चामडं करकरे. दवानं भिजलं का पायाले विटा बांधल्यावाणी होते. उन्हात आतून घामानं पाय शिजते. थंडीत साप बिळात असतो, अन् डुक्कर काही पोटरी पाहून धावत नाही. उघड्या पायाले जमीन समजते, झाकलेल्याले नाही समजत.

अन् यंदा शिकारही नाही. बंदूक खुंटीले टांगली हाय. मी घरीच बसून राहिलो. तू येऊ नको. एसटीनं हाडं खिळखिळी होतात, त्यात तुह्या गुडघ्याचा भरवसा नाही. तिथं कोंडल्यावाणी वाटते म्हणतेस. ताई, माणूस बाजेवर बसला का चार भिंती सगळीकडं सारख्याच.

माह्यावर राग धरू नको, एवढंच मागणं.
चंपत

धंतोली, नागपूर
२२ डिसेंबर १९६६

चि. चंपत यास, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं. पोटरीवर तू एवढं लिहू शकतोस हे माहीत असतं तर तुला शाळेत शरीरशास्त्र शिकवायला ठेवलं असतं. चामडं करकरतं, कारण त्याला तेल मिळत नाही. दवाने भिजतं, तर चरबी चोळावी. घाम येतो, तर यावा. घामाने कोणी मेल्याचं ऐकलं नाही, घोणस चावून मेलेले दोघे तर आपल्याच गावचे. कुसळं आणि बोरीचे काटे काय थंडीत बिळात जातात? आणि डुक्कर पोटरी पाहून धावत नाही हे खरं, पण त्याचा सुळा बरोबर पोटरीच्याच उंचीला असतो. हे मला आबांनी सांगितलं होतं, तुलाही सांगितलं होतं.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बजावायच्या की मुलीचा घोटा दिसता कामा नये. सुटीत घरी आले की आबा मला गुडघ्यापर्यंत चामड्यात बांधून रानात न्यायचे. पाय झाकायचा हे दोघांचंही म्हणणं, पण आबांच्या झाकण्यात चालायला मिळायचं.

तुमच्या गावचा दुकानदार देवराव गांधीबागेत कापड भरायला आला होता. त्याच्याकडे गेटरची जोडी पाठवते आहे. महिनाभर वापर, मग बोल. मी त्याला विचारलं, चंपत कसा आहे. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला की यंदा तिकडे थंडी फार छान पडली आहे. तुमच्याकडची माणसं विचारलं त्याचं उत्तर द्यायला केव्हापासून विसरली?

आबांचा नियम रुखमालाही सांग, ती तुझ्याहून शहाणी आहे. चामडं वापरात असेल तर ठेवावं, नसेल तर तेल लावून ज्याचं त्याला परत करावं. पडून राहिलेलं चामडं उंदरांचं.

तू येऊ नको म्हणालास ते मी वाचलेलं नाही, असं समज. या घरात मला कोणी रागावून बोलत नाही रे, त्याचीच भीती वाटते. दुपारी शोभा हळूच दार लोटते, मला झोप लागावी म्हणून. मी जागीच असते. कडीचा आवाज ऐकते.

आशीर्वाद आहेतच, तुझी लायकी नसताना.
शामला

धामणटोला
४ जानेवारी १९६७

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

देवरावानं गेटर आणून दिले. तुह्या शब्दाखातर दोन्ही पायांत बांधले अन् बांधाबांधानं नाल्यापर्यंत फिरून आलो. दोन्ही पोटऱ्या घासून लाल झाल्या. आता तरी पटलं ना? गेटर बेकार, रान बेकार, अन् संक्रांतीले येणंही बेकार. तू तिथंच सुखात राह्य.

देवराव पुन्हा नागपूरले येऊन राहिला. रुखमानं त्याच्यासंग गाठोडं बांधून देलं हाय. हरभऱ्याची भाजी अन् तिळाचे लाडू असतील, मी काही सोडून पाहिलं नाही.

तुह्या मायेतला वाटा तोडू नको.
चंपत

धंतोली, नागपूर
८ जानेवारी १९६७

चि. चंपत यास,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. आधी ऐक.

गाठोडं सोडलं. वर हरभऱ्याची भाजी, मग लाडू, आणि तळाशी डाव्या पायाचा गेटर. तेल लावलेला, पट्टे नीट गुंडाळलेले. उजवा नाही. रुखमाने आबांचा नियम अक्षरशः पाळला. वापरात आहे तो ठेवला, नाही तो परत केला. आणि त्याच गाठोड्याबरोबर तुझं पत्र, की दोन्ही पोटऱ्या घासून लाल झाल्या.

रुखमाला रागावशील तर माझ्याशी गाठ आहे.

जेवणाच्या वेळी मी तो गेटर गोपाळच्या ताटाशेजारी ठेवला. त्याने हातातला घास खाली ठेवला आणि लहान मुलासारखा रडू लागला. मग सगळं सांगितलं. दिवाळीच्या आधी नाल्यात डुकराने तुझी डावी पोटरी फाडली. तू हळद आणि चिंधी बांधून कापणीला उभा राहिलास. पाय सडला, तेव्हा तुला बैलगाडीतून आणि मग ट्रकमधून इथल्या मोठ्या दवाखान्यात आणलं, आणि गुडघ्याखाली पाय कापला. ताईला कळवाल तर औषध घेणार नाही, अशी तू शपथ घातलीस. मऊ खिचडी तुझ्यासाठी जात होती. मी त्या डब्यावरून टोमणे मारत होते.

भाऊबीजेच्या संध्याकाळी तू याच गावात पडला होतास, सायकलच्या अंतरावर. आणि मी गच्चीवर चंद्र शोधत होते.

मला धक्का बसेल म्हणून लपवलंत! शोभा कुलूप लावते तेही माझ्या भल्यासाठी, तू खोटं लिहितोस तेही माझ्या भल्यासाठी. माझ्या भल्याची जबाबदारी माझ्याखेरीज सगळ्यांनी वाटून घेतली आहे. आणि तू स्वतःला बाजेवर कोंडून घेतलंस, का, तर मी पाहू नये. चार भिंती सारख्याच म्हणालास. अरे मूर्खा, सारख्याच आहेत, म्हणूनच तर एकाने दुसऱ्याचं दार वाजवायचं असतं.

गोपाळ म्हणाला, डॉक्टरांच्या मते मध्ये जाड चामडं असतं तर सुळा घसरून गेला असता. म्हणजे वाद मी जिंकले. असं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

आज सकाळी डावा गेटर बांधून मी अंगणात फेऱ्या मारल्या. गुडघ्याखाली घट्ट आवळला की माझा पाय लटपटत नाही. शोभा खिडकीतून बघत होती. मी तिच्यासमोर हात पसरला. पाय बरा नाही, एकट्या कशा जाल, लोक मला काय म्हणतील, असं बरंच बोलून झालं. मी हात मागे घेतला नाही. शेवटी तिने कमरेची किल्ली काढून दिली. तिचे डोळे भरले होते. वाईट नाही रे ती, पण कुलूप हे कुलूपच.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीने निघते. डुक्कर अजून धानाच्या रचलेल्या उडव्यांवर येतं, असं देवराव बोलून गेला. घड्याळाकडे न बघता. बसून बंदूक चालवायला एक पाय पुरतो. चालायचं काम माझं.

चंद्राला केलेली भाऊबीज मी परत घेते आहे. पाटावर बसता येत नसेल तर बाजेवर बस, पण बाज अंगणात काढून ठेव. उजवा गेटर पायात असू दे, डावा मी घालून येते. जोडी एका घरात असावी.

आता घे आशीर्वाद, पोटभर. आणि खोटं सोडून बाकी सगळा लोभ तसाच ठेव.
तुझी ताई
शामला