कागदावरचं वय

सोमवार, १२ फेब्रुवारी १९९६
निशातगंज, संध्याकाळ

सही अजून केलेली नाही. उद्या दहापर्यंत करायचीच आहे. आणि सरिताचं पेन चुकून माझ्या पर्समध्ये आलंय.

आज शाळेत आम्हा शिक्षिकांची ज्येष्ठता यादी लागली. जूनमध्ये गणिताच्या प्रवक्त्याची, म्हणजे अकरावी-बारावीला शिकवणाऱ्याची, बढतीची एकच जागा रिकामी होणार, आणि यादीत मी सरिताच्या खाली. आम्ही दोघी एकाच दिवशी रुजू झालो, म्हणून जिचं वय जास्त ती वर. कागदावर ती चार महिन्यांनी मोठी. खरं तर मीच तिच्याहून आठ महिन्यांनी मोठी आहे. शाळेत घालताना बाबांनी माझं वय वर्षाने कमी लावलं. का, तर पोरीला नोकरी लागली तर वर्षभर जास्त करेल! तेव्हा सगळेच लावायचे. पण बाबा, केवढा लांबचा विचार केलात!

हरकत घेऊ? म्हणजे चौदा वर्षं खोट्या तारखेवर नोकरी केली, हे स्वतःच लिहून द्यायचं. प्रिन्सिपल मॅडम म्हणतात, "आपत्ति हो तो लिखित में दीजिए." डोंबलाची आपत्ति!

सरिताला हे सगळं ठाऊक आहे. मीच एकदा डबा खाताना हसत हसत सांगितलं होतं. तेव्हापासून ती मला दीदी म्हणते. आज तिने यादी मान्य म्हणून आपली सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. वाटलं, आता तरी काही बोलेल.

"लीजिए, जोशीजी," म्हणाली.